दुरुस्त आवृत्ती

पंचविसाव्या मिनिटाला मेलेली बाई एकतिसाव्या मिनिटाला चहाच्या रांगेत उभी होती.

आनंदराजने सिनेमा थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला. शंकाच नको. तेच हिरवं इरकल लुगडं, कपाळावर तिरपी गेलेली जुन्या जखमेची तीच खूण. आधी ती ढिगाऱ्याशेजारी प्रेतांच्या ओळीत निजलेली. मग हातात जर्मनचा पेला घेऊन मदतवाल्यांच्या टेबलासमोर. त्याने दोन्ही दृश्यांचे फोटो काढले आणि शेजारी शेजारी लावले.

लातूरच्या एका क्लासमध्ये तो सराव-परीक्षांच्या प्रश्नपत्रिका तपासायचा. चुकलेला पर्याय, गळलेली मात्रा, उलटी छापलेली आकृती. रविवारी तेच काम हौसेने करायचा. 'पडद्यावरच्या चुका' नावाची त्याची वेबसाइट होती. पेशवाईतल्या सरदाराच्या दंडावर लशीचा व्रण, थप्पड डाव्या गालावर आणि लाल झालेला उजवा गाल. सहा वर्षांत त्याने अशा अकराशे चुका पुराव्यासह नोंदवल्या होत्या. त्याची बायको उज्वला म्हणायची, याच्याबरोबर सिनेमा बघणं म्हणजे डाळीतले खडे वेचणं.

हा सिनेमा त्र्याण्णवच्या भूकंपावरचा होता. किल्लारीच्या आसपासच त्याचं शूटिंग झालं होतं आणि तो थेट मोबाइलवर आला होता. आनंदराजने नोंद टाकली : 'भूकंपात मेलेली बाई सहा मिनिटांत चहाला हजर.' ती इतकी फिरली, की दोन दिवसांत क्लासमधल्या पोरांनी ती त्यालाच पाठवली. आठवड्याने सिनेमाच्या कंपनीचं पत्र आलं. त्यांना चूक मान्य होती. रांगेतलं दृश्य त्यांनी काढून टाकलं होतं. शेवटी आभाराच्या यादीत त्याचं नावही घातलं होतं. असं आजवर घडलं नव्हतं. त्याने नोंदीसमोर 'दुरुस्त' असं लिहिलं आणि उज्वलाला पडद्यावरचं आपलं नाव तीनदा दाखवलं.

पंधरा दिवसांनी भर दुपारी क्लासच्या ऑफिसात दोन बायका आल्या. पुढची तरुण होती. तिने मोबाइलवर त्या नोंदीखालचं त्याचं नाव त्यालाच दाखवून विचारलं, हे तुम्हीच का. मागे पन्नाशी ओलांडलेली बाई उभी होती. तिच्या कपाळावरची खूण पाहून आनंदराजने लगेच ओळखलं.

ती किल्लारीची सरजाबाई. तरुण बाई तिची सून, मनिषा. पहिल्यांदा सगळ्या गल्लीने मिळून सिनेमा पाहिला, तेव्हा सासू दोन्हीकडे दिसली होती, मनिषा म्हणाली. परवा माहेरची माणसं आली म्हणून पुन्हा लावला, तर रांगेत ती नव्हतीच. सगळे म्हणाले, तुझी सासू तर नुसती मेलेली आहे.

आनंदराजने दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. एका माणसाला दोन कामं देऊ नयेत. बघणाऱ्याचा विश्वास उडतो. मेलेलं माणूस उठून चहा पीत नाही. यात मावशींचा काही दोष नाही, चूक त्या लोकांची.

सरजाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"चूक न्हाई ती," ती म्हणाली. "तसंच झालतं."

आणि तिने सांगितलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. घराचं मातीचं माळवद अंगावर कोसळलं. लोकांनी तिला बाहेर ओढलं तेव्हा ती हलत नव्हती, म्हणून प्रेतांच्या ओळीत ठेवलं आणि यादीत नाव लिहिलं. पाऊस लागला होता. तोंडावर पाणी पडलं तशी ती जागी झाली. शेजारी तिची जाऊ होती. तिला हाका मारल्या, हलवून पाहिलं. ती उठली नाही. पलीकडे चहा वाटत होते, लोक रांग लावून उभे होते. काय करावं ते सुचेना, म्हणून तीही जाऊन त्या रांगेत उभी राहिली.

शूटिंगच्या दिवशी त्या लोकांनी तिला आधी निजायला सांगितलं, नंतर रांगेत उभं राहायला सांगितलं. काही न बोलता ती निजली आणि उठली. तिला वाटलं, आपली गोष्ट यांना कुणीतरी सांगितली असणार.

आनंदराज बाहेर गेला आणि त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो माणूस भला होता. त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी माणसं कमी पडली, म्हणून तिलाच पुन्हा उभं केलं. पण आता सिनेमा दुरुस्त झालाय. ते दृश्य परत घातलं तर लोक परत हसतील. आणि सर, चूक तर तुम्हीच दाखवली होती.

आनंदराज आत आला. माणसं कमी पडल्याचं त्याने सांगितलं नाही. अकराशे चुका उघड्या पाडणाऱ्या त्या माणसाने ही एक झाकली. ते लोक बघतो म्हणालेत, एवढंच तो म्हणाला.

सरजाबाई पिशवी घेऊन उठली. एसटीची वेळ झाली होती. दारात ती थांबली. मेलेल्यांच्या यादीत नाव चढलं म्हणून भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात तिला घर मिळेना, आणि आपण जिवंत आहोत हे लिहून घ्यायला तिने तलाठ्याकडे खेटे घातले होते, हे तिने जाता जाता सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती.

"सरकारनं मला मारलं, तर सा म्हैन्यात परत जित्ती केली," ती म्हणाली. "तुमी किती दिस लावताव, त्येवडं सांगा."