तिसऱ्या ‘व्हय’च्या आधी

“पहिला नंबर वहीत लिहू नकोस,” मारुतीसर म्हणाले होते. “तो दुसऱ्यांच्याही हातात असतो. आपल्या हातात फक्त आपले फटके. तेवढेच लिही. आणि तीन वर्षांचं लिही.”

सर बेळगावात रक्षिताला गोल्फ शिकवत. त्यांचं हे बोलणं तिला नेमकं आत्ता आठवलं, कुंभारवाड्याच्या देवळात, सगळ्या गावासमोर.

पुढे बुधवंत परशुराम नारळ धरून उभे होते. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. ते एकेक गोष्ट देवाला सांगत आणि गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. तीनदा व्हय झालं की बोल पक्का. मग तो कुणालाच मागं घेता येत नसे.

“ही आमच्या रुक्माची पोर. मामाकडं ऱ्हाऊन शिकते. मामा गोल्फाच्या मैदानावर गवत कापतो, तिथंच ही काठीनं चेंडू मारायला शिकली. मागल्या म्हयन्यात बेंगळूरला खेळून आली. आमच्या रानातनं आजवर कोण असं गेलं न्हवतं, देवा.”

“व्हय म्हाराजा!”

“पुढल्या खेपेला तिला सगळ्या राज्यात पयली आण.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ती पयली येईस्तोवर तिची आई भाताला शिवणार न्हाई, असा तिनं बोल केलाय...”

रक्षितानं दचकून आईकडे पाहिलं. रुक्मा डोळे मिटून, हात जोडून उभी होती. चेहरा अभिमानानं नुसता उजळला होता. लेकीला तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

त्यांच्या घरी सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. तापानं फणफणली तरी आईनं सोमवार मोडलेला रक्षितानं पाहिला नव्हता. बोल केला म्हणजे ती तो पाळणार. एक वर्ष, दहा वर्षं, जन्मभर. आणि पहिलं येणं किती लांब आहे, ते या देवळात एकट्या रक्षिताला माहीत होतं.

“थांबा आजो!”

तिसऱ्या व्हयसाठी उघडलेली तोंडं तशीच राहिली. गाऱ्हाणं असं मध्येच कुणी तोडलेलं कुणाला आठवत नव्हतं.

“काय गे?” बुधवंतांनी मान वळवली.

“पयली नको. नव्वद म्हणा.”

“नव्वदावी?” मागून अनुसयाकाकी म्हणाली. “अगे बाय, देवाकडं मागायचं तर पोटभर माग की! एवढा नारळ आणलाय त्याला.”

देऊळ हसलं.

“नंबर न्हवं, काकी. फटके. मैदानावर अठरा खळगे असतात. सगळ्यांत चेंडू घालायला मला सत्त्याण्णव फटके लागतात. पयली आली तिला चौऱ्याहत्तर लागले.” रक्षिताचे कान तापले. महिनाभर घरात न सांगितलेलं आता सांगावंच लागणार होतं. “बेंगळूरला आम्ही बावीस जणी होतो. मी एकोणिसावी आले.”

हसू थांबलं. रुक्मानं डोळे उघडले.

रक्षिताला आईकडे बघवेना. ती नारळाकडे बघत बोलत राहिली. “चार फुटांवरनंसुद्धा माझे चेंडू चुकतात. फटके तिथंच वाया जातात. आधी ते सुधारायचं. येत्या वर्साला नव्वद. अकरावीत पंच्याऐंशी. बारावीत ऐंशी. पयली येईन का, ते मला ठाव न्हाई, आजो. पण एवढं मी करीन.”

बुधवंतांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

“म्हंजे कमी मारील तो मोठा?”

“व्हय.”

“उलटाच खेळ हाय.” ते गावाकडे वळून म्हणाले, “चाळीस वर्सं मी हितं गाऱ्हाणं घालतोय. जो येतो तो म्हणतो, देवा, तू कर. मी करीन म्हणणारी ही पयलीच.”

अनुसयाकाकीनं पदरानं नाक पुसलं. “मग तीच पयली की हो,” ती पुटपुटली.

बुधवंतांनी देवाकडे तोंड केलं. “देवा, मघाचं ऱ्हाऊ दे. तिसरं व्हय झालेलं न्हाई. पोर तीन वर्सांत ऐंशीवर येईन म्हणते. तिच्या हाताला बळ दे. बाकीचं ती बघते.” मग त्यांनी विचारलं, “रुक्मा, तुझ्या बोलाचं काय?”

आता रक्षितानं आईकडे पाहिलं.

“भात खाईन,” रुक्मा हळूच म्हणाली. “दुसरा बोल केलाय. तो मनातच ऱ्हाऊ दे.”

“मनातल्याला गावाचं व्हय लागत न्हाई,” बुधवंत म्हणाले आणि त्यांनी नारळ वर उचलला.

या खेपेचं व्हय पार रस्त्यापर्यंत गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहारेच्या आवाजानं रक्षिताला जाग आली. अंथरुणात आई नव्हती. रक्षिता गोल्फची काठी घेऊन बाहेर आली.

मळणी होऊन रिकामं झालेलं खळं नव्यानं सारवलेलं होतं, तळहातासारखं गुळगुळीत. रुक्मा टाचेला बोट जुळवत पावलं मोजत चालली होती. तिनं जमिनीत तीन खळगे केले होते. एक चार पावलांवर, दुसरा त्याच्या पुढे, तिसरा पार कडेला.

पहिला, येत्या वर्षाचा, उघडा होता. उरलेल्या दोन्हींवर तिनं करवंट्या पालथ्या घातल्या होत्या.