फळकुटाचा फोन

तिशी ओलांडलेला घोडा भर सकाळी लाकडाच्या फळकुटावर अंगठा घासत बसला होता, आणि समोर त्याची बायको तोंडानं ‘टिंग’ करत होती. हे बघायला आपण जन्मभर रंधा मारला काय, असं मालकीणबाईंना वाटलं.

सुतारकामाचा कारखाना त्यांचा. जेमतेम सही करता येत होती, तरी नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीनं चालवला. कामगार त्यांच्यासमोर माप चुकवत नसत. पण पोटच्या पोरापुढं काही चालेना. दोन कंपन्यांचे नवे फोन एकाच दिवशी बाजारात येणार होते. त्यातला कुठला घ्यायचा ते ठरेपर्यंत बाकी काही ठरवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. दाराला कडी कुठली लावणार, असं गिऱ्हाइकानं विचारलं तरी उत्तर एकच. "फोन येऊ दे, मग बघू."

सुनेलाही तेच उत्तर. ती टेबलं-खुर्च्यांचे आराखडे काढायची, आणि हात सफाईदार होता. दुसऱ्या गावच्या एका मोठ्या कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. तू बरोबर येतोस का मी एकटी जाऊ, एवढंच तिनं नवऱ्याला विचारलं होतं. मालकीणबाईंना ती नोकरी मुळीच पसंत नव्हती. घरची कामं पडलेली असताना लोकांच्या खुर्च्या कशाला काढायच्या? तसं त्यांनी तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. सुनेनं ऐकून घेतलं होतं. नवरा मात्र म्हणाला होता, "फोन येऊ दे."

जुना फोन त्यानं कुणाला तरी देऊन टाकला होता. मग नव्या फोनांच्या मापाच्या दोन फळ्या कापल्या, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या, वर पेन्सिलीनं चौकटी आखल्या. हात आधीच बसलेला बरा, म्हणाला. आता फळीला कुठली अक्कल? म्हणून समोर माणूस बसवायचा. ह्यानं चौकट दाबायची आणि आत काय उघडलं ते माणसानं सांगायचं. पहिला फोन झाली सून. एरवी तो तिचं ऐकत नसे. फोन झाल्यावर निदान ऐकायचा, म्हणून ती बसली.

"हिचा मस्त चालतो," तो आईला म्हणाला. "दाबलं की उघडतो. आता दुसरा कोण होणार? तुला नाही जमायचं."

एवढं पुरे झालं. सुनेचं चालतं आणि आपलं चालत नाही, असं या घरात कुणी म्हणायचं? मालकीणबाई स्टूल ओढून बसल्या. "मला वाचता येत नाही. माझ्यावर चित्रं काढ."

त्यानं चित्रं काढली आणि घड्याळावर बोट ठेवलं.

"काय पाहिजे?"

"गजर. सहाचा."

"उठणारेस?"

"आई, फोन असं विचारत नाही."

"मग बावळट आहेत ते. सहाला उठून करणार काय ते सांग, मग लावते."

त्यानं दोन्ही फळ्या शेजारी ठेवून निकाल सांगितला. आईचा दणकट आहे, पण परवानग्या फार मागतो. बायकोचा दिसायला छान, आणि मागं यायला नुसतं कडेवरून सरकवायचं. आईच्यात मागं यायला खाली बटण, आणि ते कितीही दाबलं तरी आई मागं येत नाही. पॉलिशवाल्यानं दारातून विचारलं, "मालक, रेंज किती येते याला?" मालकीणबाईंनी नुसतं बघितलं आणि तो रेंजबाहेर गेला.

सुनेच्या फोनची आणखी एक गंमत होती. त्यात सूचना वरून यायची. तिनं टिंग करून बोलायचं. सूचना नको असली की यानं अंगठ्यानं बाजूला सारायची, आणि ती गप्प.

फोन येण्याच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, "टिंग. त्या कंपनीला आज कळवायचंय."

त्यानं सारलं.

"टिंग. मी एकटी गेले तर चालेल का तुला?"

त्यानं सारलं. "बघ आई, किती अलगद जातं. लोण्यासारखं."

मालकीणबाई सुनेकडं बघत होत्या. सून रागावली असती तर त्यांना कळलं असतं. तिची नुसती दमछाक झाली होती, दिवसभर करवत ओढलेल्या माणसासारखी.

"टिंग," सून म्हणाली. "मी हो म्हणून कळवलं. उद्या सकाळची गाडी आहे."

अंगठा पुन्हा सरकला. मग त्यानं दुसरी फळी उचलली आणि आईला विचारलं की तुझ्यात सूचना कशी सारायची. मालकीणबाई उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो लवकर तयार झाला. फोनचं दुकान उघडायला अवकाश होता, म्हणून शेवटचा सराव करायला फळी घेऊन बसला. न बघता बोटाला वाट सापडते का ते बघायचं होतं, म्हणून डोळे घट्ट मिटलेले. त्यानं एक चौकट दाबली. मग दुसरी. मग दाबूनच धरली. काहीच उघडेना. त्यानं फळी हलवली, मांडीवर आपटली, पुन्हा दाबली. तेवढ्यात दार वाजलं आणि आईच्या चपला ओळखू आल्या.

"आई," तो डोळे न उघडता म्हणाला, "हिचा फोन हँग झाला बघ."

मालकीणबाईंनी चपला काढल्या आणि समोरचं रिकामं स्टूल उचलून भिंतीला लावलं.

"हँग नाही झाला तो," त्या म्हणाल्या. "त्याला नोकरी लागली. मीच आत्ता गाडीत बसवून आले."