बावखलाची तपासणी

दहा वाजायच्या आत सालोमीने बावखलाभोवती तिसरी फेरी मारली. आज सरकारी मॅडम यायच्या होत्या आणि तिचा पाय घरात ठरत नव्हता.

वाडीच्या मधोमध असलेलं हे तळं तिच्या सासऱ्याच्याही आधीचं. भोवतालच्या विहिरींना पाणी त्याच्याच जिवावर. शेजारच्यांनी आपापली बावखलं भराव टाकून बुजवली आणि वर बंगले चढवले. नवऱ्यामागे जमीन मायलेकांच्या नावावर आली तेव्हा तिच्या मुलाला, रेमंडलाही तेच हवं होतं. त्याला विरारला फ्लॅट घ्यायचा होता, बिल्डर तयार होता, अडलं होतं ते फक्त सालोमीच्या सहीवर.

मग पाणथळ जागा जपणाऱ्या शेतमालकांना अनुदान मिळणार, असं तिला चर्चच्या पायरीवर कळलं. घरी येताच तिने लेकाला गाठलं.

"सरकारने आपलं बावखल यादीत घेतलं, तर तू बिल्डरचं नाव काढायचं नाय. नाय घेतलं, तर सोमवारी सही देते."

"चालेल," रेमंड म्हणाला. अर्ज त्यानेच मोबाईलवर भरला, नंबरही स्वतःचा टाकला. पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

आणि गुरुवारी नवल घडलं. कामावरून आला तोच म्हणाला, "मम्मी, परवा तपासणी आहे. बावखल असं घाण कसं दाखवायचं?"

सालोमी बघतच राहिली. पाहुणा यायचा म्हटलं की तिच्या घरात अंगण झाडून भिंतीला चुना लागायचा, ही तर सरकारी पाहुणी. हे आपल्या आधी लेकाला सुचलं, याचंच तिला अप्रूप वाटलं.

शुक्रवारी रेमंड रजा टाकून कमरेइतक्या पाण्यात उतरला. लव्हाळे, पाणकणीस, काठचं झुडूप, सगळं मुळासकट उपटलं. तळहात सोलवटले तरी थांबला नाही. सालोमी भारे ओढत होती आणि मनातल्या मनात मरियामायचे आभार मानत होती. पोरगा अखेर बापाच्या वळणावर गेला म्हणायचा. संध्याकाळी पाणी घासलेल्या ताटासारखं लखलखत होतं.

अश्लेषा मॅडम रिक्षाने आल्या. सालोमीने पाणीसुद्धा न विचारता त्यांना थेट काठावर नेलं. मॅडमनी जुना नकाशा ताडून पाहिला. बावखल नकाशावर होतं. मग दोरीला वजन बांधून त्यांनी खोली मोजली.

"मे महिन्यातही इतकं असतं?"

"नळाचं पानी जातं मॅडम, याचं नाय जात."

"विहिरी किती याच्यावर?"

"अकरा घरांच्या."

मॅडमनी कागदावर बरोबरच्या खुणा केल्या. सालोमीने त्या मोजल्या. आता फक्त आनंदाने उडी मारायची बाकी होती.

मॅडम काठाने पुढे गेल्या आणि वाळत पडलेल्या भाऱ्यांपाशी थांबल्या. त्यांनी एक भारा उलटून पाहिला.

"मुलगा कुठे आहे तुमचा?"

"कामावर गेला. काल दिवसभर खपला बिचारा, एक काडी ठेवली नाय." सालोमीचा आवाज अभिमानाने भरून आला. "झालं ना मॅडम? लागलं ना आमचं नाव?"

मॅडमनी पेन बंद करून खिशाला लावलं.

"मावशी, अनुदान पाणकोंबड्यांच्या घरट्यांसाठी होतं. ती या लव्हाळ्यातच होती. गवताला अजिबात हात लावू नका, असं मी गुरुवारी दुपारी स्वतः फोन करून सांगितलं होतं. तुमच्या मुलाने दोनदा विचारून खात्री करून घेतली."