काट्यावरचा पाच

बाळाचं वजन घटल्याचं सोमवारी सकाळी कळलं. सोलापूरहून आणलेल्या डिजिटल काट्यावर मागच्या आठवड्यात तीन पॉइंट सहा किलो होतं, आज तीन पॉइंट पाच. सृष्टी रडायलाच लागली. "आबा, आई असती तर तिनं नुसतं उचलून सांगितलं असतं."

"व्हय. तिला काटा लागलाच नसता," सिदू म्हणाला. बायको कस्तुराबाई गेल्यापासून त्यानं या तान्ह्या नातवाला भीतीनं हातच लावला नव्हता. आज त्यानं बाळाला काट्यावरून उचललं आणि तो रिकाम्या काट्याकडं बघत राहिला.

"पोरी, हे पॉइंटनंतरचं शून्य बघ की. उजवीकडची वरची रेघ पेटतच न्हाय. मग नऊ आला तरी पाचच दिसंल."

"आणि खरंच पाच असला तर?"

कस्तुराबाईनं नातवंडासाठी आधीच आणून ठेवलेली शंभर ग्रॅमची साबणाची वडी सिदूनं फडताळातून काढली. बाळाला काट्यावर निजवून ती शेजारी ठेवली. पाच असता, तर आता सहा दिसला असता.

काट्यावरचा तीन गेला आणि चार आला; म्हणजे मघाचा पाच नऊच होता.

"लई खादाड हाय की गं!" सिदू म्हणाला.

सृष्टी डोळे पुसत हसली आणि तिनं वडीचा कागद फाडला. बाळाची अंघोळ अजून राहिली होती.