करपलेलं वाटप

“‘इथल्या कालवणातल्या खोबऱ्याला धुरकट कडवटपणा आहे. तो देशात दुसरीकडे कुठेही मिळत नाही,’” मृणालने वडिलांना, केळुसकरांना, वाचून दाखवलं. देशातल्या पन्नास उत्तम खानावळींच्या पुस्तकात कुडाळची त्यांची आठ बाकांची खानावळ एकविसावी आली होती.

केळुसकरांनी परीक्षक आल्याची तारीख विचारली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तो नाव न सांगता नऊ मार्चला जेवून गेला होता.

त्या दुपारी केळुसकरांची बायको सुहासिनी वाटपाचं खोबरं भाजता भाजता शेगडीपाशीच कोसळली होती. “तू गिऱ्हाइकां बघ,” असं मृणालला सांगून ते बायकोला हातांवर घेऊन रस्त्यावर धावले आणि रिक्षाची वाट बघत उभे राहिले. इकडे कढईतलं खोबरं काळं पडलं. माणसं ताटावर बसलेली, म्हणून मृणालने तेच वाटून कालवणात घातलं. सुहासिनी वाटेतच गेली.

पुस्तक आल्यावर पुण्या-मुंबईहून गाड्या येऊ लागल्या. सुरुवातीला केळुसकरांनी बायको भाजायची तसंच, बदामी खोबरं भाजलं. “पुस्तकातली चव नाही ही,” म्हणत लोक अर्ध्या ताटावरून उठले.

म्हणून हल्ली खोबरं बदामी झालं, की कढई उतरवायला गेलेला हात केळुसकर मागे घेतात आणि नुसते उभे राहतात.

“बाबा, खोबरा करपता हा,” मृणाल मागून म्हणते.

“थांब जरा,” ते म्हणतात. “अजून रिक्षा येवक नाय.”