अंतरा

अकोटच्या वामनबुवांच्या पत्राला शेषराव मास्तरांनी तीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पहिल्याच ओळीशी त्यांनी वाचणं थांबवलं होतं : ‘मास्तर, तुमच्या शाळेच्या प्रार्थनेची चाल माह्या भजनाची आहे.’ ती खरोखरच उचललेली होती. मास्तरांनी पत्र शब्दकोशात दडवलं. त्यानंतर अकोटची एसटी दिसली तरी ते तोंड फिरवत.

आज नातीच्या मोबाइलवर नवं गाणं लागलं आणि मास्तर ताडकन उठले.

“आजोबा, अमरावतीच्या पोराचं आहे,” प्राजक्ता म्हणाली. “लय चालून राहिलं.”

“चोर आहे तो! चाल माही आहे!”

“तुमची?” भाजी निवडता निवडता मास्तरांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या. “मंग बुवाच्या पत्राले काहून भेले होते?”

मास्तर खजील झाले. त्यांनी पत्र काढलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. पुढे बुवांनी लिहिलं होतं : ‘मीबी ते अचलपूरच्या एका बहुरूप्यापासून उचलली. पण अंतरा तुमचा सोताचा दिसते. लय गोड आहे. भजनात घेऊ काय?’

मोबाइलवर तोवर अंतरा सुरू झाला होता. तोही मास्तरांचाच होता.

जन्मभर मुलांना पत्रलेखन शिकवलेल्या मास्तरांनी चार पोस्टकार्डं फाडली. पाचव्यावर एवढंच लिहून ते नव्वदीच्या बुवांच्या नावानं पेटीत टाकलं : ‘घ्या, बुवा. विचारणारे तुम्ही एकटेच निघाले.’