मागची सीट

डॅशबोर्डवर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा जरासा हलला आणि पुन्हा मधोमध येऊन थांबला. तोवर गाडी स्पीडब्रेकर ओलांडून गेलीही होती.

"बघा," दातांची डॉक्टरीण स्टिअरिंगवरचा एक हात उचलून म्हणाली. "या गाडीत मी चालता चालता रूट कॅनल करून दाखवीन."

"पेशंट कुठून आणाल?" शेजारी बसलेला कंत्राटदार म्हणाला. पाणसळ त्याची होती. भिंत-फरशी सपाट आहे का ते बुडबुड्यावरून बघायची ही वस्तू त्यानं आज मुद्दाम खिशात घालून आणली होती.

गादीवाला मागे बसला होता. तो सीटचा फोम तळहातानं दाबून बघत होता.

तिघांच्या गाड्या विजेच्या, एकाच कंपनीच्या. रविवारी सकाळी चार्जिंग स्टेशनवर गाठ पडायची आणि गाड्यांची पोटं भरेपर्यंत मालकांची तोंडं चालायची. डॉक्टरणीची गाडी यंदाची, मऊ सस्पेन्शनची. कंत्राटदाराची जुनी, पण कंपनीनं देऊ केल्यावर त्यानं मागचे शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगा बदलून घेतल्या होत्या. गादीवाल्याची मात्र पहिल्या खेपेतली, कारखान्यातून आली तशीच. स्प्रिंगा बदलून घ्यायची मुदत आज संपत होती. शेजारचं गॅरेज दुपारी बंद होणार होतं.

"अहो गादीवाले, ऐका माझं," स्टेशनवर परत उतरल्यावर कंत्राटदार म्हणाला. "तुमची गाडी म्हणजे बैलगाडीला प्लग लावलाय. जड बॅटरी पेलायची म्हणून स्प्रिंगा कडक ठेवल्या त्यांनी. मागे बसणाऱ्याचा पार खुळखुळा होतो."

"होत नाही."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कायम पुढे."

"आमच्या हिला नेत होतो ना हॉस्पिटलात. वर्षभर. मागच्या सीटवर आडवी असायची. धक्का बसला की आरशात बघून विचारायचो, लागतंय का. दरवेळी म्हणायची, काही लागत नाही, चालवा तुम्ही."

डॉक्टरीण चार्जरच्या वायरीकडे बघत राहिली.

"लागलं असतं तर बोलली असती," गादीवाला म्हणाला. "गप्प बसणारी बाई नव्हती ती. चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायची."

"बाई आपल्या माणसासाठी खोटं बोलते हो," कंत्राटदार म्हणाला. "ही पाणसळ कुणासाठी बोलत नाही. चला, तुमचीही गाडी बघून टाकू."

गादीवाल्यानं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "तुम्ही चालवा. मी मागे."

"स्वतःच्याच गाडीत पाहुणे?"

गादीवाल्यानं डिकी उघडली. आत एक लांबट, पातळ गादी गुंडाळून ठेवलेली होती. मागच्या सीटच्या मापाची, त्यानंच शिवलेली. दुकानात तो प्रत्येक गादी तळहातानं दाबून बघे आणि मगच गिऱ्हाइकाला शब्द देई. हीसुद्धा तशीच दाबून बघितली होती. तिच्यावर तो कधी पडला नव्हता. बायको गेल्यापासून गाडीत मागे कुणी बसलंच नव्हतं.

त्यानं गादी पसरली, चपला काढल्या आणि गुडघे दुमडून आडवा झाला.

"अहो, आडवे कशाला होताय?" डॉक्टरणीनं विचारलं.

"ती आडवीच असायची."

डॉक्टरीण पुढे बसली. कंत्राटदारानं पाणसळ डॅशबोर्डवर ठेवली आणि मान वर केली. "हा आरसा कसला लावलाय तुम्ही? मागचा रस्ता दिसतच नाही. नुसती सीट दिसते."

"असू दे तसाच."

गाडी निघाली. खालून फक्त छत दिसत होतं, काचेच्या वरच्या कडेला सरकणाऱ्या विजेच्या तारा दिसत होत्या, आणि आरशात कंत्राटदाराचे दोन डोळे.

पहिला स्पीडब्रेकर आला. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची. गादीसकट सीट वर आली आणि कमरेच्या हाडावर बसली. गादीवाल्याचा श्वास अर्ध्यावर अडकला. तो सुटतोय तोच उखडलेला रस्ता लागला.

"ठिकाणावर आहे का बुडबुडा?" त्यानं मागून विचारलं.

"कसला ठिकाणावर! या टोकाचा त्या टोकाला जातोय," डॉक्टरीण म्हणाली.

गादीवाल्याचा हात काहीतरी धरायला गेला. सीटबेल्टचा पट्टा हाताला लागला. घट्ट विणीचा, बाकी सगळा नव्यासारखा ताठ. मुठीत आला तेवढाच भाग मऊ पडलेला, चुरगळलेला. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. कापड कशानं असं होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

आणखी एक धक्का बसला. गादीवाल्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. आरशातले डोळे लगेच रस्ता सोडून त्याच्याकडे वळले.

"काय हो, लागतंय का?"

मूठ पट्ट्यावर तशीच होती.

"नाही," गादीवाला म्हणाला. "काही लागत नाही. चालवा तुम्ही."

"मग ठीक आहे," कंत्राटदार म्हणाला, आणि त्याचे डोळे परत रस्त्याकडे गेले. पुढच्या स्पीडब्रेकरला त्यानं वेग कमी केला नाही.